पावसाळ्यात कोंबड्यांचे लाकडी खुराडे स्वच्छ व कोरडे कसे राखावे
इगतपुरी भागातील कुक्कुटपालकांसाठी

नाशिक जिल्ह्यात पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. पूर्वेकडील सिन्नर, येवला या तालुक्यांत शेतकरी पावसाची वाट पाहतो, तर सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीत पाऊस केव्हा उघडेल याची वाट पाहावी लागते. येथे वर्षाला साधारणतः तीन हजार मिलीमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. आषाढ-श्रावणात कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाही. भाताला हे हवामान मानवते, परंतु पडवीत किंवा परसात ठेवलेल्या कोंबड्यांच्या लाकडी खुराड्याला ते मुळीच मानवत नाही.

या भागात घरटी पाच-दहा कोंबड्या पाळण्याची रीत जुनी आहे. गावठी कोंबड्यांच्या जोडीला आता गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातीही परसात दिसतात. या धंद्याचा सारा भार बहुधा घरातील गृहिणीवर असतो. अंड्यांचे चार पैसे तिच्या हाती खेळतात. मुलांच्या वह्या, मीठमिरची, औषधपाणी त्यातून भागते. ऐन आवणीच्या दिवसांत घरची सारी माणसे चिखलात राबत असताना खुराड्याकडे दुर्लक्ष होते आणि वैशाखात उबविलेली पिले एकामागून एक मरू लागतात. लोक याला दैव म्हणतात. वास्तविक यातील पुष्कळशी मर ओलाव्यामुळे होते, आणि ओलावा हटविणे माणसाच्या हाती आहे.

ओलावा येतो कोठून?

खुराडे भिजते ते केवळ वरच्या पावसाने, असा समज आहे. तो अपुरा आहे. ताज्या विष्ठेत सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते. एक मोठी कोंबडी दिवसरात्रीत शंभर ग्रॅमच्या आसपास विष्ठा टाकते. दहा कोंबड्या रात्रभर कोंडल्या, तर सकाळी अर्धा किलोच्या घरात विष्ठा साचते. म्हणजे खुराड्यात कोणी जवळजवळ दोन पेले पाणी ओतल्यासारखेच झाले. त्यात कोंबड्यांच्या श्वासातील वाफेची भर पडते. पाऊस आत येऊ नये म्हणून खुराड्याला चोहोबाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळले की ही वाफ आतच कोंडते. बाहेरून कोरडे दिसणारे खुराडे आतून घाम सुटल्यासारखे ओले होते.

ओलाव्यापासून अपाय

पहिला व मोठा अपाय रक्ती हगवणीचा. हा रोग विशेषतः तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना होतो. पिले पंख पाडून, पिसे फुलवून कोपऱ्यात बसतात आणि विष्ठेत रक्त दिसते. या रोगाचे सूक्ष्म बीज आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून बाहेर पडते. ते बाहेर पडताक्षणी बाधक नसते. ओल, ऊब व हवा मिळाली म्हणजे साधारण एक ते दोन दिवसांत ते पक्व होते आणि मग दाणे टिपणाऱ्या पिलाच्या पोटात शिरून रोग करते. यावरून उपाय सहज ध्यानात येईल. विष्ठा रोजच्या रोज काढली आणि तळ कोरडा ठेवला, तर बीजाला पक्व होण्यास अवधीच मिळत नाही. फिनेल शिंपडून हे बीज मरत नाही, उलट ओलावा मात्र वाढतो.

दुसरा अपाय कुजक्या विष्ठेतून निघणाऱ्या उग्र वायूचा. त्याने कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात व श्वसनाचे विकार बळावतात. तिसरा बुरशीचा. ओल्या तुसावर वा पेंढ्यावर बुरशी धरली की ती श्वासावाटे पिलांच्या फुप्फुसांत जाते. शिवाय लाकूड सतत ओले राहिल्याने कुजते, फुगते व त्याला भेगा पडतात. या भेगांत गोचीड व रक्त शोषणारे बारीक तांबडे किडे दिवसा दडून बसतात आणि रात्री कोंबड्यांचे रक्त पितात.

खुराड्याची ठेवण

दहा-बारा कोंबड्यांच्या रात्रीच्या निवाऱ्यासाठी चार फूट लांब, तीन फूट रुंद व अडीच फूट उंच खुराडे पुरते. ते जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच पायांवर असावे आणि प्रत्येक पायाखाली सपाट दगड ठेवावा, म्हणजे लाकूड जमिनीची ओल शोषणार नाही. पावसाळी वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून दार पूर्वेस ठेवावे. छपराला उतार द्यावा आणि पागोळ्या भिंतीवर पडू नयेत म्हणून ते चोहोकडे फूटभर पुढे काढावे. पश्चिमेची बाजू फळीने बंद करावी, परंतु उरलेल्या बाजूंना छपराखाली चार बोटे जाळीची पट्टी उघडी ठेवावी. हवा खेळती राहिली तरच वाफ बाहेर जाते.

मोठ्या कोंबड्यांसाठी तळाला अखंड फळी नको. एकेक इंच अंतरावर पट्ट्या ठोकाव्यात, म्हणजे विष्ठा खाली पडेल. पट्ट्यांखाली तेलाचा डबा कापून केलेला पसरट पत्र्याचा तबक सरकवावा. असे दोन तबक असावेत. एक धुऊन चुलीजवळ वाळत असताना दुसरा कामी येतो. पिलांसाठी मात्र अखंड तळ व त्यावर दोन-तीन बोटे जाड तुसाचा थर हवा. पाण्याचे भांडे खुराड्यात ठेवू नये, कारण ते सांडल्यावाचून राहत नाही.

पावसापूर्वीची तयारी

वैशाखात उन्हे कडक असतानाच खुराडे रिकामे करावे. साचलेली घाण खरवडून काढावी, धुण्याचा सोडा घातलेले उकळते पाणी फळ्यांवर व सांध्यांत ओतावे आणि खुराडे तीन-चार दिवस कडक उन्हात उलटून ठेवावे. पूर्ण वाळल्यावर भेगा बुजवाव्यात, आतून चुन्याची सफेदी द्यावी आणि पायांना व बाहेरच्या अंगाला डांबर फासावे. आतील बाजूस डांबर लावू नये.

याच वेळी तुसाची बेगमी करावी. घोटी येथे भाताच्या गिरण्या असल्याने तूस या भागात दुर्मिळ नाही. मात्र ते मृगापूर्वीच आणून पोत्यांत भरून माळ्यावर ठेवावे. पावसात भिजलेले व कुबट वास येणारे तूस फुकट मिळाले तरी घेऊ नये.

रोजचे व आठवड्याचे काम

रोज सकाळी कोंबड्या सोडल्यावर तबक रिकामा करावा, तळाच्या पट्ट्या खराट्याने झाडाव्यात आणि तबकात मूठ-दोन मुठी तूस वा चुलीची चाळलेली, थंड, कोरडी राख पसरावी. पावसाळ्यात खुराडे पाण्याने धुऊ नये. घाण चिकटली असल्यास खुरप्याने खरवडावी व कोरड्या फडक्याने पुसावी. दार दिवसभर उघडे ठेवावे. हे काम पंधरा मिनिटांचे आहे. शाळेत जाणारे मूलही ते करू शकते. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि कोरडा केर काढताना नाकातोंडाला फडके बांधावे.

पिलांच्या तळावरील तूस रोज हलवावे व ओला भाग काढून टाकावा. तुसाची परीक्षा सोपी आहे. मूठभर तूस दाबून सोडावे. गोळा तसाच राहिला तर ते फार ओले आहे, ते बदलावे. गोळा हलकेच फुटला तर ठीक. आठवड्यातून एकदा थरात थोडी विरलेल्या चुन्याची भुकटी मिसळावी. कळीचा चुना मात्र वापरू नये, त्याने पायांना इजा होते. बसण्याच्या दांड्यांची टोके काढून किडे पाहावेत व दिसल्यास उकळते पाणी घालून दांड्या वाळवाव्यात.

काढलेली विष्ठा व तूस खुराड्यापासून दूर, छपराखालील खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर कुजवावे. नागली-वरईच्या शेताला हे उत्तम खत होते.

कार्यकर्त्यांसाठी दोन शब्द

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी भेटीच्या वेळी वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्यावे. डोळे चुरचुरले तर त्या घरी हवा व कोरडेपणा यांची उणीव आहे असे समजावे आणि घरच्या बाईसमक्ष मुठीची परीक्षा करून दाखवावी. स्वच्छता ही लसीची जागा घेत नाही, हेही स्पष्ट सांगावे. मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्यावी. विष्ठेत रक्त दिसताच आजारी पिले वेगळी काढून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे, आणि अनेक पक्षी एकाएकी मेल्यास त्यांना हात न लावता तेथे त्वरित कळवावे.

इगतपुरीचा पाऊस कोणाला थोपविता येणार नाही. परंतु दोन तबक, पोतेभर कोरडे तूस आणि रोजची पंधरा मिनिटे एवढ्या भांडवलावर खुराड्यातला पाऊस थोपविता येतो. दसऱ्याला अंगणात दाणे टिपणारी पिले ज्या घरी जास्त दिसतील, त्या घरच्या गृहिणीने आषाढात खराटा हातचा सोडला नव्हता असे खुशाल समजावे.