काम झटपट, झोप गाढ

गाडीची रिमोट किल्ली, ग्लुकोमीटर, छोटा वजनकाटा उघडून पाहिला, तर आत बहुधा सीआर२०३२ हा चपटा, गोल सेल सापडतो. त्याची क्षमता साधारण २२५ मिलिअँपिअर-तास. उपकरण सतत ५ मिलिअँपिअर ओढत राहिलं, तर हा सेल दोन दिवसांतच मान टाकेल. तरीही तो महिनोन्‌महिने पुरतो, कारण आतला प्रोसेसर बहुतेक वेळ चक्क झोपलेला असतो.

वीज वाचवायची तर प्रोसेसरचा वेग उतरवावा, असं कुणालाही वाटेल. ते अर्धंच खरं आहे. ट्रान्झिस्टरच्या उघडझापीला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. नुसता वेग निम्मा केला, तर दर सेकंदाचा खर्च घटतो. पण काम दुप्पट वेळ रेंगाळतं आणि हिशेब जिथल्या तिथे. शिवाय तोवर बाकीचं सर्किट जागं राहतं, तो भुर्दंड वेगळाच. वेगाबरोबर व्होल्टेजही उतरलं, तरच खरी बचत. मोबाइलचे प्रोसेसर तेच करतात. छोट्या उपकरणांत मात्र काम झपाट्यानं उरकून झोपी जाणंच बहुधा परवडतं.

उदाहरणार्थ, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० कुळातली जी२ मालिकेतली चिप १ मेगाहर्ट्झला सुमारे २३० मायक्रोअँपिअर घेते, डुलकीत जेमतेम अर्धा मायक्रोअँपिअर. जागं व्हायला तिला एक मायक्रोसेकंदही लागत नाही. या डुलकीत वेळेच्या पहाऱ्याला ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक ठेवता येतो. आकडा विचित्र दिसतो, पण तो २ चा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो.

समजा, एखादं उपकरण दर मिनिटाला १० मिलिसेकंद जागं होतं आणि तेवढा वेळ ५ मिलिअँपिअर घेतं. सरासरी काढली तर हा खर्च १ मायक्रोअँपिअरही भरत नाही. झोपेतला खर्च दीड मायक्रोअँपिअर असेल, तर बिलाचा मोठा वाटा झोपेचाच! अशा वेळी प्रोग्रॅम आणखी चपळ करण्यात फारसं हशील नाही.

मग सगळ्यात गाढ झोपच का नको? एसटीएम३२एल४ चिपच्या ‘शटडाउन’ अवस्थेत खर्च नॅनोअँपिअरवर येतो, पण रॅममधलं सगळं पुसलं जातं आणि उठल्यावर पुन्हा श्रीगणेशा. वारंवार उठावं लागणाऱ्या उपकरणाला हा सौदा महागात पडतो.

झोपेतली बचत बुडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सिग्नलच्या तारांतून होणारी करंटची गळती. तिचा किस्सा तर एआरएम या प्रोसेसर-कुळाच्या जन्मापासूनचा. २६ एप्रिल १९८५ रोजी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत पहिली एआरएम चिप आली. चिपचे एक रचनाकार स्टीव्ह फर्बर यांनी तिला लागणारा करंट मोजला, तर मीटरवर शून्य! चिप मात्र बिनचूक चालत होती. शोध घेता कळलं, की बोर्डावर वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. सिग्नलच्या पायांतून झिरपणाऱ्या करंटवरच ती चालली होती. आज हाच प्रकार डोकेदुखी ठरतो: सेन्सरची वीज तोडली, तरी डेटाच्या तारेतून करंट आत शिरतो आणि सेल मुकाट्यानं रिकामा होत राहतो.