दांडा तोच, ब्लेड नवं

खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या परिसरात वाढलेले धनराज पिल्ले हॉकी शिकले ते मोडक्या स्टिकांवर. स्टिक दोरीने करकचून बांधायची आणि कुणी टाकून दिलेल्या चेंडूवर मारायची. पुढे हाच मुलगा चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. त्याच्या जिद्दीबद्दल भरपूर लिहून झालं आहे. त्या स्टिककडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. ती बांधून पुन्हा वापरता येत होती, कारण तुतीच्या लाकडाचं डोकं आणि त्यात पाचर मारून बसवलेली वेताची मूठ अशी तिची घडण होती. फाळणीनंतर सियालकोटहून जालंधरला आलेल्या कारागिरांनी हाच धंदा भारतात उभा केला.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी गवतावरून कृत्रिम मैदानावर गेली आणि खेळाचा वेग वाढला. १९९० च्या दशकापासून लाकडाची जागा काचतंतू, कार्बन आणि रेझिनने घेतली. फटका जोरकस झाला आणि पावसाने स्टिक फुगणं थांबलं. पण कार्बनला आतून तडा गेला की दोरीचा उपयोग नाही. स्टिक गेली म्हणजे गेली.

बर्फावरच्या हॉकीतही लाकडाकडून कार्बनकडेच प्रवास झाला, पण मध्ये एक वेगळं वळण आलं. एकोणिसाव्या शतकात कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात मिकमॉक आदिवासी एकाच कठीण लाकडातून अख्खी स्टिक कोरत. नंतर दांडा आणि ब्लेड वेगळं करून सरसाने जोडण्याची रीत आली, मग चिकटवलेल्या पट्ट्यांचं लाकूड, मग वरून काचतंतूचं आवरण. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोच्या स्टॅन मिकिटाचं ब्लेड सरावात तडकून वाकलं. त्या वाकड्या ब्लेडने चकती विचित्र झेपावते हे त्याच्या लक्षात आलं आणि तेव्हापासून मुद्दाम बाक दिलेली ब्लेडं आली. तेव्हा बहुतेक गोलरक्षक मुखवट्याशिवाय उभे राहत, त्यामुळे बाकावर मर्यादा घालावी लागली.

खरं वळण १९८० च्या दशकातलं. ईस्टन कंपनीने ॲल्युमिनियमचा पोकळ दांडा आणला आणि त्याच्या टोकात लाकडी ब्लेड गरम गोंदाने बसवायची सोय केली. ब्लेड मोडलं की टोक तापवायचं, तुकडा ओढून काढायचा आणि नवं ब्लेड सरकवायचं. वेन ग्रेट्झकीसारखा खेळाडू लॉस एंजेलिसला गेल्यावर काही काळाने या दांड्याकडे वळला, तेव्हा शंका घेणारेही गप्प झाले. ॲल्युमिनियम वाकायचं, पोचे पडायचे, म्हणून पुढे दांडे कार्बनचे झाले. ब्लेड बदलण्याची सोय मात्र टिकली. कुऱ्हाडीचा दांडा मोडला म्हणून पातं कुणी फेकत नाही, त्यातलाच हा व्यवहार.

हा व्यवहार मोडला या शतकाच्या सुरुवातीला. ईस्टनचीच ‘सिनर्जी’ ही दांडा आणि ब्लेड कायमचं जोडलेली स्टिक बाजारात आली. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या जो सॅकिकच्या हातात ती चंदेरी स्टिक होती आणि कॅनडाने ५० वर्षांनी सुवर्ण जिंकलं. स्टिक हलकी झाली आणि चकती मनगटाच्या झटक्याने सुटू लागली. काही वर्षांत व्यावसायिक हॉकीत जोडाची स्टिक जवळजवळ दिसेनाशी झाली. आज वरच्या दर्जाच्या एकसंध स्टिकला ३०० डॉलरच्या वर मोजावे लागतात. क्लबकडून फुकट मिळणाऱ्याला त्याचं काय! पदरमोड करणाऱ्याला मात्र प्रत्येक तडा महाग पडतो.

भारतात बर्फावरची हॉकी मुख्यतः लडाखची. मुख्यतः तिथल्याच मुलींच्या भारतीय महिला संघाने २०१६ मध्ये तैपेईला पहिली स्पर्धा खेळली, तीही लोकवर्गणीच्या आधाराने. २०१७ मध्ये बँकॉकला त्यांनी पहिला विजय मिळवला आणि २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक पटकावलं. साहित्य बाहेरून येतं, बरंच देणगीतून, आणि मोडलं तर पुढच्या खोक्याची वाट पाहावी लागते. जिथे दुकान दूर, तिथे थोड्याशा हलकेपणापेक्षा बदलता येणारं ब्लेड मोलाचं.

हेच बर्फ न पाहिलेल्या चामटोलीसारख्या गावालाही लागू पडतं. बदलापूर आणि वांगणीच्या मधल्या या गावाला पाण्याचं रौद्र रूप ठाऊक आहे, जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकवणाऱ्या पुराचं. गोठलेलं पाणी इथे कुठून येणार? पण चाकांच्या स्केट्सवरची इनलाइन हॉकी काँक्रीटवर खेळता येते आणि तिला स्टिक हीच लागते. काँक्रीट ब्लेडला खालून कानशीसारखं घासतं. दांडा शाबूत आणि ब्लेड झिजलेलं, ही इथली नेहमीची अवस्था ठरणार. अशा ठिकाणी एकसंध कार्बनची स्टिक घेणं म्हणजे पैसे रस्त्यावर घासून टाकणं. कार्बनचा दांडा आणि त्यात कडक प्लास्टिकचं ब्लेड, ही जोडी बरी.

घेताना आधी दांड्याचं तोंड पाहावं. काही दांडे टोकाकडे निमुळते असतात, काही सरळ, आणि एकाचं ब्लेड दुसऱ्यात बसत नाही. आता असे दांडे मोजक्याच कंपन्या काढतात, म्हणून त्याच मापाची दोन-तीन ब्लेडं सोबतच घ्यावीत. दुसरी गोष्ट लवचीकतेचा आकडा. ६५ म्हणजे दांडा एक इंच वाकवायला साधारण ६५ पौंड जोर. खेळाडूच्या पौंडांतल्या वजनाच्या निम्मा आकडा हा ढोबळ हिशेब. म्हणजे ६० किलोच्या मुलाला ६५ चालेल. दांडा कापून आखूड केला की तो ताठर होतो, हेही धरून चालावं. अनवाणी उभं राहून स्टिक नाकापर्यंत आली, तर स्केट्सवर ती हनुवटीपर्यंत येते. ब्लेड बदलताना गरम हवा जपून द्यावी. आच जास्त झाली तर रेझिन सैल पडतं आणि दांड्याचे थर सुटतात.

जोडाच्या स्टिकचे तोटेही आहेत. ती थोडी जड असते, वजन खालच्या टोकाकडे जातं आणि चकतीचा स्पर्श हाताला किंचित बोथट जाणवतो. राष्ट्रीय संघात पोहोचलेल्याने एकसंध स्टिक जरूर घ्यावी. शिकणाऱ्याला मात्र रोज तीच स्टिक हातात असणं जास्त गरजेचं आहे, कारण मनगटाला सवय लागते ती दांड्याची. ब्लेड झिजलं म्हणून महिनाभर सराव थांबला, तर हलक्या स्टिकचा फायदा घ्यायला हात तयारच होणार नाहीत.