गुडघ्यातील वंगण आणि त्याचे मोजमाप

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका निवृत्त शिक्षिकेला दोन्ही गुडघ्यांच्या झिजेसाठी मी हायल्युरॉनिक आम्लाची इंजेक्शने दिली होती. "गुडघ्यात थोडे वंगण घालू या," असे मीच त्यांना समजावले होते. तीन महिन्यांनी त्या आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, वंगण तर घातलंत, मग जिना चढताना गुडघा तसाच का दुखतो?" निवृत्तिवेतनातून त्यांनी तो खर्च केला होता. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते शोधताना मला वैद्यकाच्या पुस्तकांबाहेर, पदार्थविज्ञानातील एका यंत्रापर्यंत जावे लागले. त्या यंत्राची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

सांध्यातील द्रव हे तेल नव्हे. दिसायला ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे असते आणि निरोगी गुडघ्यात ते जेमतेम काही मिलिलिटर असते. जुने डॉक्टर त्याचा थेंब दोन बोटांत धरून ओढून पाहत. निरोगी द्रवाची लांब तार निघते, दाह झालेल्या सांध्याच्या द्रवाची लवकर तुटते. आपल्या घरातील स्त्रिया पाक एकतारी झाला की नाही हे ज्या रीतीने पाहतात, तीच ही परीक्षा. मात्र बोटांना आकडा सांगता येत नाही.

पदार्थांचे दोन ढोबळ स्वभाव आपण जाणतो. रबर ताणून सोडले की ते मूळ आकारास येते. दिलेली ऊर्जा ते साठवून परत करते. ही स्थितिस्थापकता. मध ढवळला तर तो विरोध करतो, पण परत काही देत नाही. ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. ही श्यानता. सांध्यातील द्रवात, कफात, रक्ताच्या गुठळीत हे दोन्ही स्वभाव एकत्र नांदतात. ते वेगवेगळे मोजण्याचे काम ऱ्हिओमीटर हे यंत्र करते.

यंत्राची रचना सोपी आहे. खाली स्थिर तबकडी, वर उथळ शंकू आणि त्यांच्या फटीत द्रवाचे काही थेंब. तापमान शरीराइतके, ३७ अंश सेल्सिअस. शंकू गरगर फिरवला तर केवळ श्यानता कळते आणि द्रवाची आतील वीणही मोडते. म्हणून तो अगदी लहान कोनातून मागेपुढे झुलवतात आणि द्रव किती व केव्हा विरोध करतो याची नोंद घेतात. 'केव्हा' यातच सारे मर्म आहे. शुद्ध स्थितिस्थापक पदार्थाचा विरोध शंकू झोक्याच्या टोकाला असताना सर्वाधिक असतो. शुद्ध श्यान पदार्थाचा विरोध वेग सर्वाधिक असताना, म्हणजे मध्यातून जाताना, सर्वाधिक असतो. या दोहोंत पाव आवर्तनाचे, ९० अंशांचे अंतर आहे. प्रत्यक्ष द्रवाचा कोन ० ते ९० अंशांच्या दरम्यान येतो. त्यावरून दोन आकडे काढतात: साठवलेल्या ऊर्जेचा 'जी-प्राइम' आणि गमावलेल्या ऊर्जेचा 'जी-डबल-प्राइम'. दोन्ही पास्कल या एककात.

चाचणीचे दोन टप्पे असतात. प्रथम झोका हळूहळू वाढवून पदार्थाची वीण कोठवर शाबूत राहते ते ठरवतात. नंतर त्या मर्यादेत राहून झोक्यांची वारंवारता बदलतात. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत कार्य केलेले एन्ड्रे बालाझ यांनी अशा मोजमापांतून दाखवले, की निरोगी द्रव संथ हालचालीत मुख्यत्वे श्यान असते आणि धावताना होणाऱ्या जलद हालचालीत मुख्यत्वे स्थितिस्थापक बनते. संथ चालीत ते वंगण, धक्क्याच्या वेळी उशी.

याचे कारण हायल्युरॉनिक आम्लाच्या रेणूत आहे. हा पदार्थ कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये बैलाच्या डोळ्यातील द्रवातून वेगळा केला. त्याचे लांबच लांब रेणू एकमेकांत गुंतलेले असतात. सवड मिळाली तर ते एकमेकांवरून सरकतात. न मिळाली तर ताणले जाऊन परत येतात. झिजेच्या विकारात हे रेणू आखूड व विरळ होतात आणि द्रवाचा उशीचा गुण घटतो.

यावरून उपचाराची कल्पना सहज सुचते: गेलेले परत घालावे. अमेरिकेत १९९७ मध्ये अशा इंजेक्शनांना औषध म्हणून नव्हे, तर उपकरण म्हणून मान्यता मिळाली. परंतु २०१३ मध्ये तेथील अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने गुडघ्याच्या झिजेत त्यांची शिफारस करता येत नाही असे सांगितले. २०२२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील आढाव्यात २४ मोठ्या चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा खोट्या इंजेक्शनाच्या तुलनेत वेदनेतील सरासरी फरक १०० पैकी सुमारे २ गुणांचा निघाला. रुग्णाला जाणवण्यास तो अपुरा आहे.

मग यंत्र खोटे बोलले काय? नाही. द्रवाचा स्वभाव काय, या प्रश्नाचे उत्तर त्याने चोख दिले. गुडघा का दुखतो, हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. वेदना हाडातून, सांध्याच्या अस्तरातून, दुबळ्या स्नायूंमुळेही येते. शिवाय बाहेरून घातलेले द्रव्य बहुतांशी काही दिवसांतच सांध्यातून निघून जाते. प्रयोगशाळेतील गुण सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला, ही उडी आम्ही घेतली, मीही घेतली.

पुढच्या भेटीत मी बाईंना हे सारे सांगितले. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन घटवणे आणि नियमित चालणे यांना अधिक भक्कम आधार आहे, हेही सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतंत तर?" तेव्हापासून 'वंगण' हा शब्द मी रुग्णासमोर उच्चारत नाही. इंजेक्शनाचा विषय निघालाच, तर प्रथम ते दोन गुण सांगतो आणि मग किंमत.