दगडात फुललेली नक्षी

लखनौच्या चारबाग स्थानकाचे नाव उद्यानकलेतून आले आहे. पाटांनी व वाटांनी चार भागांत विभागलेली बाग ती चारबाग. मोगल काळात थोरांच्या कबरी पुष्कळदा अशाच बागांत बांधल्या जात.

गंगेच्या खोऱ्यातील या गाळाच्या प्रदेशात इमारती दगड मिळत नाही. तथापि लखनौतील नादान महल ही मोगलकालीन कबर तांबड्या वालुकाश्माची आहे. वालुकाश्म म्हणजे नैसर्गिक बंधकाने जखडलेले वाळूचे कण. लोहाच्या ऑक्साइडमुळे तो तांबडा दिसतो. कण बारीक व सारखे असतील, तर त्यात वेलबुट्टी आणि जाळी सुबक उतरते. पुढे नवाब आसफउद्दौला याने १७८४ मध्ये आरंभिलेल्या बडा इमामबाड्यात, जेथे त्याची कबर आहे, कारागिरांनी विटांवर चुन्याच्या गिलाव्यात नक्षी उठविली. आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सतराव्या शतकातील बीबी का मकबऱ्यातही खालचा भाग संगमरवराचा आहे. वरच्या काळ्या बेसाल्टवर मात्र शुभ्र गिलावा चढविला आहे.

या नक्षीचा खरा शत्रू पाणी होय. जमिनीतील ओल क्षार घेऊन दगडात चढते. ती सुकताना क्षारांचे स्फटिक वाढून कण सुटे करतात, आणि आधी नाजूक कडा झडतात. घट्ट सिमेंटने सांधे भरले, तर ओल दगडातूनच बाहेर पडते व हानी वाढते. सच्छिद्र चुना तिला वाट देतो. म्हणून जुन्या इमारतीची डागडुजी चुन्यानेच करणे हितावह ठरते.