आठवड्याच्या सुट्टीचे गणित

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांवर मागणीचा ताण इतका वाढला की कामगारांना, आणि त्यांत हजारो स्त्रिया होत्या, रविवारीही राबावे लागे. या श्रमांचा परिणाम तपासण्यासाठी सरकारने १९१५ मध्ये एक समिती नेमली, आणि तिचे संशोधक एच. एम. व्हर्नन यांनी कामाचे तास व तयार झालेला माल यांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या.

अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकॅव्हेल यांनी २०१४ मध्ये या नोंदींचे नव्याने विश्लेषण केले, तेव्हा असे आढळले की आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढते, पण त्यापुढे प्रत्येक जादा तासाची उत्पादकता, म्हणजे त्या तासात हाती येणारे काम, घटत जाते. ७० तासांचे एकूण उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसे वेगळे नव्हते. मधले १४ तास कामगारांच्या शरीरातून वसूल झाले, मालात मात्र जवळपास उतरलेच नाहीत, आणि ही केवळ हिशेबाची चूक नसून माणसांवरील अन्याय होता. तास तेवढेच असूनही रविवारची सुट्टी न मिळालेल्या आठवड्यात उत्पादन कमी भरे, कारण न निवलेला थकवा साचत जाऊन पुढील दिवसांच्या कामात उतरतो.

मुंबईच्या गिरणी कामगारांना हे अनुभवाने आधीच ठाऊक होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर त्यांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली.