घरगुती सीएनसीची मोटर : दोन दशकांचा मागोवा

2002 मध्ये पाबळच्या विज्ञान आश्रमात एमआयटीबाहेरची पहिली फॅबलॅब सुरू झाली, तेव्हा घरच्या पडवीत सीएनसी यंत्र ही अपूर्वाई होती. खटपट करणाऱ्यांच्या हाती असे ती भंगारातल्या प्रिंटरची स्टेपर मोटर आणि पॅरलल पोर्टचा जुना संगणक. 2009 मध्ये जीआरबीएल हे मोफत सॉफ्टवेअर आले आणि स्वस्त आर्डुइनो बोर्डावर काम भागू लागले. 57 मिमी तोंडाची नेमा 23 स्टेपर मग घरगुती सीएनसी राउटरच्या अंगवळणी पडली.

स्टेपरच्या एका फेऱ्यात 200 टप्पे असतात; 5 मिमी पिचच्या बॉलस्क्रूवर एक टप्पा 0.025 मिमीचा. ड्रायव्हर हुकूम सोडतो, मोटर पोहोचली का हे कोणी पाहत नाही. कटर लाकडाच्या गाठीत अडकला की टप्पे सुटतात आणि पुढचे सगळे कोरीव काम सरकते. यावर अनेकांनी मोठी मोटर घेतली. पण कॅटलॉगमधला होल्डिंग टॉर्क उभ्या मोटरचा असतो. वेग वाढला की तो घसरतो. मिनिटाला 3 मीटर सरकायचे तर त्याच स्क्रूला 600 फेरे लागतात, आणि 24 व्होल्टवर तिथे दम उरत नाही. 36 किंवा 48 व्होल्टचा सप्लाय हाच खरा उपाय होता, तोही स्वस्तातला.

पुढच्या दशकात चिनी ड्रायव्हरांमुळे हायब्रिड सर्व्हो आवाक्यात आली. ही मुळात स्टेपरच, शेपटीला एन्कोडर लावलेली. 1000 रेषांचा एन्कोडर फेऱ्यामागे 4000 खुणा मोजतो, ड्रायव्हर चूक भरून काढतो आणि भाराइतकाच करंट देतो, म्हणून मोटर कमी तापते. ताकद मात्र एन्कोडर वाढवत नाही. चूक मर्यादेबाहेर गेली की ड्रायव्हर अलार्म देऊन थांबतो. अलार्मची तार कंट्रोलरला जोडलेली नसेल तर एक अक्ष थांबतो आणि बाकीचे काम नासवत राहतात. वीज गेल्यावर होमिंग, म्हणजे अक्ष पुन्हा मूळ खुणेवर नेणेही टळत नाही, कारण हे एन्कोडर सहसा आपली जागा लक्षात ठेवत नाहीत.

काजळी नदीच्या खाडीमुखावरच्या भाट्येसारख्या गावात खाऱ्या, दमट हवेचाही हिशेब धरावा लागतो. एन्कोडर केबलच्या बारीक पिना गंजल्या की खोटे अलार्म येतात. साध्या स्टेपरला चारच तारा. पण त्यातली एखादी चालू यंत्रात सुटली तर ड्रायव्हर जळू शकतो.

लाकूड आणि ॲक्रिलिक कोरणाऱ्या छोट्या राउटरला 36 व्होल्टवरची नेमा 23 स्टेपर पुरते. जड गॅन्ट्री, ॲल्युमिनियम किंवा तासन्तास चालणारे थ्रीडी कोरीव काम असेल तर हायब्रिडचे पैसे वसूल होतात. बजेट तोकडे असल्यास गॅन्ट्री ओढणाऱ्या दोन मोटरी तेवढ्या हायब्रिड घ्याव्यात. मात्र एकीच्या अलार्मने दोघी थांबतील अशी जोडणी आधी करावी.