बर्फातलं देऊळ किती जुनं?

लाल महाद्वार, भुरभुरणारा बर्फ, छत्री सावरत चाललेली किमोनोतली बाई. असं जपानी चित्र पाहिलं की आपण ते बेधडक दोन-तीनशे वर्षं मागे ढकलतो. प्रत्यक्षात टोकियोतल्या झोजोजी मंदिराचं कावासे हासुई यांचं हे मुद्राचित्र 1925 सालचं आहे. त्याच वर्षी जपानमध्ये रेडिओ सुरू झाला.

जुन्या लाकडी ठशांच्या चित्रांचे नामांकित चित्रकार होकुसाई 1849 मध्ये वारले, हिरोशिगे 1858 मध्ये. पुढे छायाचित्रं आणि यंत्रावरची छपाई आली आणि लाकडी ठशांचा धंदा बसला. तो पुन्हा उभा करण्यात मोठा वाटा वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाचा. त्यांनी या चित्रांना नावच 'शिन-हांगा', म्हणजे नवी मुद्राचित्रं, असं दिलं. गिऱ्हाईक बरंचसं अमेरिकेतलं. 1930 मध्ये ओहायोतल्या टोलेडोच्या संग्रहालयात या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्या गिऱ्हाइकाला गिरण्यांची धुराडी नको होती, देवळं आणि पाऊस हवा होता. चित्रांतला निवांत जपान काही अंशी मागणीनुसार पुरवलेला होता, असं मला वाटतं.

चित्रावर सही एकाची, म्हणून काम एकाचंच, हाही गैरसमज. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा चेरीच्या लाकडावर ते कोरी, छापणारा एकेका रंगाचा ठसा अचूक जुळवून कागदावर उठवी; पैसा आणि शेवटचा शब्द प्रकाशकाचा. ही वाटणी सगळ्यांना मान्य नव्हती. यामामोतो कानाए यांनी 1904 मध्ये एका कोळ्याचं चित्र स्वतः रेखाटलं, कोरलं आणि छापलं. 'सोसाकू-हांगा' ही वेगळी वाट तिथून निघाली.

1 सप्टेंबर 1923 च्या टोकियोतल्या भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेंचे ठसे जळाले, हासुईंच्या रेखाटनवह्याही गेल्या. भूकंपाआधीच्या प्रती आज दुर्मीळ आहेत त्या यामुळे.

आणि 'अस्सल, बाहेरचा वारा न लागलेली कला' हे तर मुळीच खरं नाही. शिन-हांगाचे चित्रकार हाशिगुची गोयो पाश्चात्त्य चित्रकला शिकलेले, योशिदा हिरोशी आधी तैलरंग आणि जलरंगांत रमलेले. वारा आपल्याकडेही आला आणि आपल्याकडूनही गेला. योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार 1903 मध्ये कोलकात्याला येऊन राहिले. अवनींद्रनाथ ठाकूर त्यांच्याकडून रंग धुऊन मऊ करण्याची रीत शिकले. पुढे रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून आलेले जपानी चित्रकार आराई काम्पो थेट अजिंठ्यात पोचले आणि लेण्यांतली भित्तिचित्रं उतरवून घेऊ लागले.